चकाराचे दोन उच्चार
(नभोवाणीवरील भाषण)



आज मीं जो विषय घेतला आहे तो आपणां सर्वांच्या तोंडीं रोज शेंकडों वेळां असतो, आणि तरीहि त्याकडे आपलें लक्ष कधीं जात नाहीं. ‘वाचा’ हा दोन अक्षरांचा शब्द घ्या. कागदावर लिहून तो आपल्यापुढें ठेवला तर आपण त्याचा उच्चार काय कराल? ‘भीतीनें त्याची वाचा बसली’ असें म्हणावयाचें असेल तर एक उच्चार, आणि ‘एवढें पत्र वाच़ा’ असें म्हणावयाचें असेल तर दुसरा. अक्षरें तींच, काना तोच. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. माझ्यासारख्याच्या ती आतां चांगली परिचयाची झाली आहे. पण ‘ज़रा थांबा’ यांतील ज़रा निराळा. ‘जून’ महिना वेगळा आणि ‘ज़ून’ भेंडी वेगळी. ‘चार’ आंबे म्हणतांना जीभ एका ठिकाणीं लागते, ‘गाईला च़ार’ म्हणतांना दुसऱ्या ठिकाणीं. (छापील भाषणांत दांतांजवळच्या उच्चाराच्या अक्षराखालीं नुक्ता दिला आहे, बोलतांना अर्थातच त्याची गरज पडली नव्हती.)

यांपैकीं पहिल्या उच्चारास आपले व्याकरणकार तालव्य म्हणतात व दुसऱ्यास दंततालव्य. तालव्य च म्हणतांना जिभेचा मधला भाग उंचावून टाळूस टेंकतो. दंततालव्य च म्हणतांना तो खालीं राहतो आणि जिभेचें टोंक पुढें सरकून वरच्या दांतांच्या मुळाशीं भिडतें. आरशासमोर उभें राहून कोणासहि हें पडताळून पाहतां येईल. ज आणि झ यांचीहि हीच स्थिति आहे. छ मात्र एकटाच तालव्य राहिला आहे. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे, ती पुढें येईल.

या विषयाकडे मी कसा वळलों तें सांगितलें पाहिजे, कारण त्यांत माझी एक चूक आहे. मी नुकताच शिक्षक झालों होतों. वर्गांत एक नवा मुलगा आला. वडिलांच्या नोकरीमुळें त्याचें सारें बालपण जबलपुराकडे गेलेलें. घरीं मराठी जेमतेम, शाळेंत हिंदी. मीं त्यास धडा वाचावयास उभें केलें. धड्यांत ‘गाडीचें चाक’ असे शब्द होते. त्यानें ते सारे हिंदीच्या धाटणीनें, जीभ टाळूस लावून वाचले. वर्ग हंसला. मीहि हंसलों, हें सांगतांना मला आजहि संकोच वाटतो. मीं त्यास ‘च़ाक’ म्हणावयास सांगितलें. त्यानें तसें म्हटलें आणि पुढच्या ओळींतील ‘चंद्र’ हा शब्द मोठ्या प्रयत्नानें ‘च़ंद्र’ असा वाचला. पुन्हा हंशा. तेव्हां तो मुलगा मला म्हणाला, “गुरुजी, अक्षर एकच आहे. कोठें काय म्हणावयाचें हें कोठें लिहिलें आहे?” मीं उत्तर दिलें, “लिहिलेलें नसतें. ऐकून येतें. बस खालीं.” तो बसला, आणि वर्षभर आपण होऊन वाचावयास कधीं उभा राहिला नाहीं.

माझें उत्तर खोटें नव्हतें, पण तें उत्तरहि नव्हतें. मला उत्तर ठाऊकच नव्हतें. ज्याला आपण ‘ऐकून येतें’ म्हणतों त्याच्या बुडाशीं नियम असतो. तो आपल्या जिभेस ठाऊक असतो, आपणांस नसतो. 

तो नियम आपल्या रोजच्या वाक्यांत कसा वागतो तें पाहूं. ‘रामाच़ा मुलगा’ म्हणतांना जीभ दांतांकडे जाते. ‘रामाची मुलगी’ म्हणतांना ती टाळूकडे येते. ‘रामाचे मुलगे’, ‘रामाच्या घरीं’ म्हणतांनाहि ती टाळूसच लागते. ‘रामाचें घर’ असें पुस्तकी थाटांत म्हटलें तर च तालव्य, पण घरांत बोलतांना आपण ‘रामाच़ं घर’ म्हणतों, कीं लगेच ती दांतांकडे धांव घेते. ‘माझ़ा’ पण ‘माझी’. ‘उंच़’ पण ‘उंची’. ‘च़मच़ा’ पण ‘च़मच्यानें’. म्हणजे इ, ए हे स्वर किंवा य पुढें आला कीं उच्चार तालव्य. अ, आ, उ, ओ पुढें आले कीं दंततालव्य. 

असें कां व्हावें? याचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. संस्कृत व्याकरणाच्या पहिल्या धड्यांत आपण वर्णांचीं स्थानें पाठ केलेलीं असतात. इ, चवर्ग, य आणि श या सर्वांचें स्थान टाळू. ए या स्वराचें स्थान कंठ आणि टाळू. पुढें येणारा इ किंवा य टाळूवर उच्चारावयाचा आहे हें जिभेस आधींच कळलेलें असतें, म्हणून चकारासाठीं तेथें गेलेली जीभ तेथेंच राहते. पुढें आ किंवा ऊ असला तर तिला टाळूशीं कांहीं काम उरत नाहीं. ती खालीं येते आणि टोंक दांतांकडे निसटतें. हें स्थानांचें कोष्टक मी कित्येक वर्षें मुलांकडून घोकून घेत होतों, पण त्याचा उपयोग माझ्या ध्यानांत आला नव्हता. 

पण नियम येथेंच संपत नाहीं. संपता तर ‘चंद्र’ हा शब्दहि दंततालव्य झाला असता. तेव्हां दुसरी गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे ती ही, कीं मराठींत संस्कृत शब्द दोन वाटांनीं आले आहेत. कांहीं प्राकृतांतून, लोकांच्या तोंडांतून झिजत झिजत आले; कांहीं पोथींतून जसेच्या तसे उचलले गेले. चक्र हा पोथींतला शब्द, त्याचा च तालव्य. त्याचेंच झिजलेलें रूप च़ाक, त्याचा च दंततालव्य. चंद्र तालव्य, पण त्याचें च़ांदणें दंततालव्य. ‘जन’ हा शब्द संस्कृत उच्चारानें येतो, पण ‘पांच ज़ण’ म्हणतांना तोच शब्द घरचा होतो. पोथी वाचणाऱ्यांनीं संस्कृत शब्दांचे उच्चार जपले, आणि बाकीच्यांच्या तोंडीं नियमानें आपलें काम केलें. त्या बिचाऱ्या मुलास मीं एका दमांत च़ाक आणि चंद्र असे दोन शब्द म्हणावयास लावले होते. एकाचा जन्म घरांत, दुसऱ्याचा पोथींत. हा भेद अक्षराकडे कितीहि पाहिलें तरी दिसणार नाहीं.

संख्यावाचक शब्दांत तर मोठीच गंमत आहे. च़ौथा, च़ौदा, च़ोवीस, च़ाळीस हे सारे दांतांजवळचे. पण ज्याच्यापासून हें सर्व कुटुंब वाढलें तो ‘चार’ मात्र तालव्य. घरचाच शब्द आहे, पुढें आकार आहे, मग तो दांतांकडे कां गेला नाहीं? याचा उलगडा जुनीं रूपें पाहिल्यावर होतो. संस्कृतांतील ‘चत्वारि’ पासून ‘चत्तारि’, त्यापासून अपभ्रंशांत ‘चयारि’ आणि जुन्या मराठींत ‘च्यारि’ किंवा ‘च्यार’ असें रूप झालें. चकारापुढें य होता, म्हणून जीभ टाळूवर राहिली. पुढें य गळून गेला, पण त्यानें लावलेली शिस्त राहिली. मृत आजोबांच्या नांवानें घरांत पाळलेला एखादा नेम असावा, तसा हा उच्चार आहे. 

आतां छकाराची हकीकत. ज्या नियमानें च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार झाले, तो छकारालाच कसा विसरला? तो विसरला नाहीं. उलट छकारावर त्याचा अंमल सर्वांत अधिक झाला. छ म्हणजे चकारांत मिसळलेला हकार. तो दांतांजवळ उच्चारून पाहा. त्याचा जोर वाऱ्यांतच जातो आणि जवळजवळ स ऐकूं येतो. मराठींत तसेंच झालें. हिंदींत मछली, मराठींत मासळी. हिंदींत बछड़ा, मराठींत वासरूं. कछुआ आणि कासव, छुरी आणि सुरी, छाल आणि साल, छह आणि सहा. अस्वलाला हिंदींत रीछ म्हणतात. आपल्या जुन्या भाषेंत त्यास रीस म्हणत. पण इ किंवा ए पुढें आला कीं काय होतें पाहा: हिंदींत छींक, मराठींत शिंक. प्राकृतांतील ‘छेत्त’, मराठींत शेत. ‘मच्छिआ’ ची झाली माशी. म्हणजे दांतांजवळ स आणि टाळूजवळ श. नियम अगदीं तोच.

फरक एवढाच कीं स आणि श यांना लिपींत निरनिराळीं अक्षरें होतीं, म्हणून येथें नियम कागदावर उमटला. च आणि ज यांना तीं नव्हतीं, म्हणून तेथें तो कागदाआड राहिला. आणि हा नियम अजूनहि आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. आपण मासा म्हणतों, पण माशाला, घसा, पण घशांत, पैसा, पैशाला, ससा, सशाला, म्हैस, म्हशी. या सकाराचा शकार कां होतो असें एखाद्या मुलानें विचारलें तर आपण काय सांगतों? ‘सामान्यरूप होतांना होतो.’ हें उत्तर म्हणजे ‘होतो म्हणून होतो’ असेंच झालें. जुन्या लिखाणांत पैश्यास, घश्यांत अशीं रूपें आढळतात, तेथें गुन्हेगार सांपडतो: तो मधला यकार. उंच़ची उंची होते आणि म्हैसची म्हशी होते, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. मला हें ज्या दिवशीं उमगलें त्या दिवशीं मीं स्वयंपाकघरांत जाऊन घरच्या मंडळींना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ‘बरें’ म्हटलें.

हा नियम केव्हांपासून लागू झाला असावा? शिलालेख येथें आपणांस मदत करीत नाहींत. श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायाशीं मराठी अक्षरें कोरलेलीं आहेत, त्यांत मूर्ति करविणाऱ्या चामुंडरायाचें नांव आहे. त्या नांवाचा आरंभ चकारानेंच होतो. पण तो कोरणाऱ्यानें कसा उच्चारला हें दगड सांगत नाहीं. म्हणून पुरावा शब्दांच्या वागणुकींतून काढावा लागतो, आणि तो निघतो. 

पहिला पुरावा छकाराचा. तेराव्या शतकांतील मराठी ग्रंथांत हे सकार-शकार रूढ झालेले आहेत, तेव्हां नियम त्याहून जुना. दुसरा पुरावा फारसी शब्दांचा. १३१८ मध्यें देवगिरीचें यादव राज्य संपलें, १३४७ मध्यें बहामनी राज्य उभें राहिलें, आणि दरबारांतून, कचेऱ्यांतून, बाजारांतून फारसी-अरबी शब्दांचा लोट मराठींत आला. फारसींत ज आणि ज़ हे अगदीं वेगळे ध्वनि आहेत, त्यांस अक्षरेंहि निराळीं. ज़मीन, ज़ोर, बाज़ार, हज़ार हे शब्द मुळांतच ज़ चे, ते आपणांकडे तसेच राहिले, यांत नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. जिल्हा, जिद्द आणि घोड्याचें जीन हे शब्दहि मूळचे ज़ चे. पण पुढें इकार, म्हणून मराठी माणसानें त्यांस टाळूवर नेलें. उलट ज़ागा, ज़ादू, फौज़ हे मूळचे तालव्य ज चे. त्यांस त्यानें दांतांवर आणलें. फौज़ म्हणावें, पण फौजेंत गेल्याबरोबर पुन्हा टाळू! मूळ उच्चार काय होता याची त्यानें मुळींच पर्वा केली नाहीं. परका शब्द दारांत आला कीं त्यास घरचा नियम लावला. म्हणजे यादवांच्या पडावानंतरहि हा नियम चांगला जिवंत होता.

तिसरा पुरावा उलट दिशेचा. चहा आला, त्यापुढें अकार आहे, तरी तो तालव्यच राहिला. चॉकलेट, जॉर्ज, जून हेहि तसेच राहिले. ज़ुन्या भेंडीस ज़ून म्हणणारी जीभ इंग्रजी महिन्यास जून म्हणते. तेव्हां या शब्दांच्या वेळेपर्यंत नियमाची जबरदस्ती संपली होती. त्यानें मागें जें केलें तें टिकून आहे, प्रत्ययांत तो अजून राबतो आहे, पण नव्या पाहुण्यास तो आतां दटावीत नाहीं. आगगाडी किती वाजतां गेली हें स्टेशनांतील घड्याळावरून कळतें, पण घड्याळ नसलें तर कोण उतारू सुटले आणि कोण चढले यावरूनहि अंदाज बांधतां येतो. भाषेच्या इतिहासांत बहुतेक काळ दुसऱ्याच रीतीनें घालवावा लागतो.

हें सारें मीं शोधून काढलें असें कोणी समजूं नये. दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण १८३६ मध्यें निघालें, मोरो केशव दामले यांचें १९११ मध्यें. आणि मराठीच्या घडणीचा शास्त्रशुद्ध इतिहास ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें १९२० मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध केला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं त्याचें मराठी भाषांतर १९४१ मध्यें केलें नसतें, तर माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास तो कळण्याचा संभवच नव्हता. पॅरिसच्या माणसानें आपल्या तोंडांत जीभ कोठें लागते हें सांगावें, यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परक्यास आपले उच्चार शिकावे लागतात म्हणून ते त्यास ऐकूं येतात, आपणांस शिकावे लागत नाहींत म्हणून येत नाहींत. 

ही लकब मराठीची एकटीची आहे काय? कोंकणींत ती आहेच. हिंदींत नाहीं. आसामींत तर चकाराचा उच्चार सरसकट स होऊन बसला आहे. पण आपल्याप्रमाणें स्वर पाहून वांटणी करणारी शेजारीण म्हणजे तेलुगू. तेलुगूंत ‘पुरे’ या अर्थीं ‘च़ालु’ म्हणतात, पण ‘लहान’ या अर्थीं ‘चिन्न’. तेथें दंततालव्य उच्चारासाठीं निराळीं अक्षरेंहि पाडलीं गेलीं, पण नेहमींच्या लिखाणांत तीं रुळलीं नाहींत. एक भाषा संस्कृतापासून निघालेली, दुसरी द्राविडी. कुळें भिन्न, पण कुंपण एक. नांदेड-आदिलाबादकडच्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या दोन्ही भाषा बोलणारीं माणसें वावरलीं आहेत, आणि माझ्या मतें असे उच्चार कोणत्याहि एका घरचे नसतात, ते त्या बाजाराचे असतात. 

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जो चकार आज इकारास धरून टाळूवर टिकतो, तो स्वतःच अशाच स्वरांच्या संगतींतून जन्मास आलेला आहे. संस्कृतांत ‘कृ’ धातूचें ‘चकार’ होतें, ‘गम्’ चें ‘जगाम’. कवर्गाचा चवर्ग कां व्हावा? गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, म्हणजे १८७० च्या दशकांत, युरोपांतील पंडितांच्या ध्यानांत आलें कीं अतिप्राचीन काळीं त्या पहिल्या अक्षरांतील स्वर अ नसून ए होता. एकारानें ककारास टाळूकडे ओढून त्याचा च केला, आणि मग तो एकार स्वतः अकारांत विलीन झाला. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ हा लॅटिन ‘क्वे’ याचा सख्खा भाऊ आहे. आपल्या ‘च्यारि’ मधील यकारासारखाच प्रकार हा: करणारा गेला, केलेलें राहिलें. 

आतां व्यवहाराचा प्रश्न. मी येथें बोलतांना नुक्ता लागला नाहीं, पण छापतांना लागला. मग मराठी लिपींत तो कायमचा घालावा काय? माझें मत असें कीं रोजच्या लिखाणांत नको. ज्याच्या कानांत भाषा आहे त्यास त्याची अडचण होईल, आणि च़मच़ा-च़मच्यानें अशी एकाच शब्दाचीं दोन दोन रूपें लिहितांना शहाणी माणसेंहि चुकतील. परंतु कोशांत तो असावा, आणि परप्रांतांत किंवा परदेशांत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पहिल्या पुस्तकांत तर असावाच असावा. पूर्वीं मूल आईच्या मांडीवर भाषा ऐके, आणि अक्षर त्यास मागाहून भेटे. आतां कित्येक घरांत मुलांस मराठी आधीं अक्षरांतून भेटते आणि कानांवर थोडीच पडते. शहरांतहि च़ाक, च़ूल, ज़ोडा हे शब्द सरसकट टाळूवर म्हणणारीं मराठी मुलें मीं ऐकिलीं आहेत. त्यांना हंसूं नये. अक्षर जसें दिसतें तसें तीं प्रामाणिकपणें वाचीत असतात. 

त्या मुलास उत्तर देण्यास खरें म्हणजे ना ब्लॉकसाहेबांची गरज होती, ना फारसीची. फळ्यावर मला स्वयंपाकघरांतील चार शब्द लिहितां आले असते: च़ूल, च़मच़ा, चिमटा आणि चहा. पहिले दोन म्हणतांना तुझी जीभ कोठें लागते तें पाहा, असें त्यास म्हणतां आलें असतें. तिसऱ्यास इकार आहे, म्हणून ती टाळूस लागली. आणि चौथा आपल्याकडे उशिरां आला, तुझ्यासारखाच. त्यास आपण त्याच्याच उच्चारानें घरांत घेतलें.